पातळ लाकूड हाताने अचूक कसे कापावे

प्रश्न थोडक्यात असा आहे: मॉडेलसाठी दीड ते तीन मिलिमीटरचा बाल्सा (अतिशय हलके, मऊ लाकूड), बासवुडच्या (त्याहून घट्ट, बारीक पोताच्या लाकडाच्या) पट्ट्या आणि 0.8 मिलिमीटरपासून पुढची प्लाय हाताने कापायची आहे. सुरी रेघ सोडून भरकटते, कडा चेपतात किंवा ढलपी निघते. एकाच मापाचे म्हणून कापलेले दहा तुकडे शेजारी उभे केले की दहाही वेगळे दिसतात. कुठले हत्यार घेतले म्हणजे हे थांबेल?

हत्यारांचे शेवटी सांगतोच, कारण खरी अडचण तिथे नाही. कापणे आणि मापाला आणणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि बहुतेक जण ती एकाच फटक्यात उरकू पाहतात. सुरीने किंवा करवतीने तुकडा शीटपासून सोडवायचा, तोही रेघ राखून, म्हणजे रेघेच्या बाहेर थोडे लाकूड ठेवून. माप त्यानंतर येते. स्टॉपरला, म्हणजे ठरावीक अंतरावर बसवलेल्या ठोकळ्याला टेकवून, साच्याला लावून, पॉलिश पेपरच्या ठोकळ्यावर घासून. ज्यांचे काम बघून आपण थक्क होतो त्यांचा हात काही यंत्रासारखा चालत नसतो. माप हातावर सोपवायचे नाही, एवढी काळजी मात्र ते प्रत्येक तुकड्याला घेतात.

सुरी लावण्याआधी लाकूड बघा. बाल्सा घनमीटरला साधारण 100 किलोपासून 250 किलोपर्यंतच्या वजनाचा मिळतो. 915 मिमी लांब, 75 मिमी रुंद आणि 1.5 मिमी जाड अशी शीट हलकी असेल तर दहा ग्रॅमच्या आसपास भरते आणि जड असेल तर पंचवीसच्या वर जाते. दिसायला दोन्ही सारख्याच, पण सुरीखाली त्यांचे वागणे अगदी निराळे. हलकी शीट बोथट पात्याने चेपते. जड शीट पात्याला ढकलून बाजूला नेते. म्हणून एकाच मापाचे तुकडे शक्यतो एकाच शीटमधून काढावेत आणि शीट साध्या डिजिटल काट्यावर वजन करून निवडावी.

दुसरे बघायचे ते ग्रेन, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा. शीटची कड ग्रेनला समांतर असते हा समज सोडून द्या. ती क्वचितच तशी असते. कडेची दोन-तीन मिलिमीटरची पट्टी नखाने सुरू करून बोटांनी चिरत न्या. चिरा जिकडे जाईल तो खरा ग्रेन. तो कडेपासून किती सरकतो हे एकदा डोळ्यांनी पाहिले की सुरी वाकडी का जाते याचा अर्धा उलगडा तिथेच होतो. बाल्साच्या शीटवर मधूनमधून चकाकणारे ठिपके, नक्षीसारखा पोत दिसत असेल तर ती सी-ग्रेनची, म्हणजे खोडाच्या त्रिज्येच्या दिशेने कापलेली. ती ताठ असते, रुंदीत वाकवू गेलात तर तडकते आणि लांबीत पटकन चिरते. पंखांच्या रिब (पंखाला आकार देणारे आडवे तुकडे), बल्कहेड (धडातले आडवे पडदे) असल्या सपाट राहायला हव्या अशा भागांना ती उत्तम. ज्या शीटवर लांब सरळ रेघा दिसतात ती ए-ग्रेनची. ती गोलाईवर चढवायला बरी, रिबसाठी नको.

ओलाव्याचेही भान हवे. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र हलते. बासवुड पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत वार्षिक वलयांच्या दिशेने सुमारे 9.3 टक्के आकसते, बाल्सा 7.6 टक्के. हवा बदलल्यामुळे लाकडातला ओलावा चार टक्क्यांनी खालीवर झाला, तर 75 मिमी रुंद बासवुडमध्ये जवळपास पाऊण-एक मिलिमीटर फरक पडू शकतो. दमट दिवशी कापलेले अर्धे तुकडे आणि कोरड्या दिवशी कापलेले उरलेले अर्धे जुळले नाहीत, तर हाताला दोष देऊ नका. संच एका बैठकीत कापा. ते जमणार नसेल तर शीट आणि कापलेले तुकडे एकाच डब्यात ठेवा.

आता सुरी. बाल्सासारख्या मऊ लाकडाला कठीण लाकडापेक्षा जास्त तीक्ष्ण धार लागते, हे ऐकायला उलटे वाटते. कठीण लाकडाचे तंतू जागचे हलत नाहीत, त्यामुळे बरी धारही त्यांना तोडते. मऊ तंतू धारेपुढे वाकतात, दबतात आणि मग फाटतात. पात्याची परीक्षा म्हणून बाल्साचा तुकडा ग्रेनला आडवा कापून पाहा. कापलेले तोंड गुळगुळीत, किंचित चमकदार दिसले तर पाते ठीक आहे. केसाळ किंवा भुसभुशीत दिसले तर ते बदला, पुढच्या तुकड्यासाठी वाट बघू नका. अकरा नंबरच्या टोकदार पात्याचे टोक सगळ्यात आधी जाते. उरलेली धार शाबूत असली तरी सगळे काम टोकच करत असते, म्हणून असे पाते संपलेच म्हणायचे. चामड्याच्या पट्टीवर हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट लावून पाते अधूनमधून फिरवले तर ते बराच काळ टिकते. टोक तुटले असेल तर मात्र त्याचा उपयोग नाही.

पात्याची जाडीही मोजा. नेहमीच्या सर्जिकल पात्याची जाडी सुमारे 0.4 मिमी असते, दुधारी दाढीच्या ब्लेडची 0.1 मिमी. पाते लाकडात शिरते तेव्हा तेवढी जागा त्याला हवी असते आणि ती जागा दोन्हीकडचे लाकूड दाबूनच मिळते. पातळ बाल्सात हे चालून जाते. तीन मिलिमीटरच्या बासवुडमध्ये किंवा दीड मिलिमीटरच्या प्लायमध्ये लाकूड दबत नाही, पाचरीसारखे पाते अडकते आणि जोर लावला की भलतीकडे निसटते. अशा वेळी रेघेवर एक उभा छेद द्यायचा, मग टाकाऊ बाजूने तिरका छेद देऊन बारीकशी ढलपी काढून घ्यायची. इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच तयार होते आणि पुढच्या फेरीला पात्याला जागा मिळते. राखायच्या बाजूचा छेद उभाच ठेवायचा, तिरका फक्त टाकाऊ बाजूचा.

जोर हा विषय सगळ्यात महत्त्वाचा. पहिल्या फेरीत जवळजवळ वजनच द्यायचे नाही. पात्याने फक्त वाट आखायची, म्हणजे वरचे तंतू तुटून एक बारीक चर तयार व्हायला हवी. दुसरी फेरी ती चर खोल करते. तिसऱ्या-चौथ्या फेरीत लाकूड सुटते. दीड मिलिमीटरच्या मध्यम बाल्साला तीन फेऱ्या पुरतात, तीन मिलिमीटरला पाच-सहा लागल्या तरी हरकत नाही. एका फेरीत तुटेल असे वाटत असले तरी तो मोह टाळा. जोर वाढला की पाते हाताचे ऐकायचे सोडून ग्रेनचे ऐकू लागते. शिवाय जोरात दाबलेले पाते वाकते आणि छेदाचे वरचे तोंड व खालचे तोंड एका ओळीत राहत नाही.

आता पट्टीची बाजू. चुकीचा सल्ला सगळ्यात जास्त इथेच मिळतो, म्हणून सावकाश सांगतो. ग्रेन तुमच्या रेघेला अगदी समांतर नसला की सुरी ओढताना पाते ग्रेनच्या दिशेने सरकू पाहते. ते पट्टीकडे सरकत असेल तर पट्टी त्याला अडवते आणि छेद सरळ येतो. पट्टीपासून दूर सरकत असेल तर अडवणारे कुणीच नसते. समजा पट्टी डावीकडे आहे, सुरी तुम्ही स्वतःकडे ओढता आहात आणि ग्रेन वरच्या डाव्या कोपऱ्याकडून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे जातो. पाते उजवीकडे, म्हणजे पट्टी सोडून जाणार. अशा वेळी बरेच जण शीट गोल फिरवून दुसऱ्या टोकाकडून कापतात. त्याने काहीही बदलत नाही, कारण तिरकी रेघ 180 अंशांत फिरवली तरी ती त्याच दिशेला तिरकी राहते. कागदावर काढून पाहा. उपाय दोनच आहेत: शीट पालथी करा, म्हणजे ग्रेन डावीकडे झुकेल, नाही तर पट्टी रेघेच्या दुसऱ्या बाजूला ठेवा. ग्रेन पात्याला पट्टीकडे ढकलतो अशी मांडणी एकदा केली की तीच सुरी आणि तोच हात सरळ कापू लागतो.

हे जुळत असेल तेव्हा पट्टी राखायच्या तुकड्यावर ठेवावी. सुरी चुकून घसरली तर ती टाकाऊ भागात जाते. दोन्ही गोष्टी एकत्र साधत नसतील तर मी ग्रेनला प्राधान्य देतो, कारण पाते पट्टीला चिकटून चालले की घसरण्याची वेळ सहसा येत नाही.

पट्टी स्टीलची हवी, किमान एक मिलिमीटर जाड. पातळ पट्टीवर पाते चढते आणि ते बोटाच्या दिशेने चढते. पट्टीच्या पाठीला बारीक पॉलिश पेपरची चिंधी चिकटवली की ती सरकत नाही. फार मऊ बाल्सावर ओरखडे नको असतील तर त्याऐवजी मास्किंग टेप लावा. बोटे पसरून पट्टीच्या मधोमध ठेवा आणि लांब रेघेला सुरी जसजशी पुढे सरकेल तसतसा हातही पुढे न्या, अर्थात सुरी थांबवून. पात्याची चपटी बाजू पट्टीला टेकते आणि धार पात्याच्या मध्यावर असते, म्हणजे 0.4 मिमीच्या पात्याचा छेद पट्टीपासून 0.2 मिमी दूर पडतो. पट्टी रेघेवर ठेवण्याऐवजी पाते रेघेवर टेकवून पट्टी त्याला भिडवली की हा हिशेब आपोआप मिटतो. दोन्ही टोकांना असे करा, मगच पट्टी दाबा.

सुरी उभी आहे ना, हे समोरून बघा, वरून दिसत नाही. तीन मिलिमीटर जाड लाकडात सुरी पाच अंश कलली तर वरच्या आणि खालच्या कडेत पाव मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडतो. असे दोन तुकडे कडेला कड लावून चिकटवले की मध्ये फट राहते आणि ती डिंकाने भरावी लागते. पट्टीजवळ छोटा गुण्या उभा ठेवून सुरी त्याच्याशी ताडून पाहण्याची सवय लावा. प्रकाश पट्टीच्या विरुद्ध बाजूने पडू द्या, नाहीतर पट्टीची सावली रेघ खाऊन टाकते.

ग्रेनला आडवा छेद देताना सुरीची मूठ स्वतःकडे खाली झुकवून धरावी, साधारण तीस अंशांवर; डावी-उजवीकडे मात्र ती कलू द्यायची नाही. पाते उभे धरले की फक्त टोक ओरबाडत जाते. कलते धरले की धारेचा लांब भाग तंतू चिरत जातो. शेवटच्या कडेला आधार नसल्यामुळे तिथले तंतू तुटून बाहेर येतात. म्हणून छेद जिथे संपणार त्या कडेवर आधी एक छोटी खाच द्या, मग पलीकडून कापत या. कडा फार नाजूक असेल, विशेषतः 0.6 मिलिमीटरच्या वेनियरमध्ये (लाकडाच्या कागदासारख्या पातळ थरात), तर रेघेवर कमी चिकटणारा टेप लावून टेपसकट कापा. टेप काढताना वर ओढू नका, मागे दुमडून पृष्ठभागाला लागूनच ओढा. रेघेवर पातळ सायनोअॅक्रिलेटचा (झटपट चिकटणाऱ्या सुपरग्लूचा) थेंब फिरवला तर तंतू बांधले जातात आणि ढलपी निघत नाही. मात्र त्यानंतर लाकूड कठीण होते, पाते लवकर बोथट होते आणि रंग किंवा स्टेन तिथे मुरत नाही. बाहेरून दिसणाऱ्या भागावर ही युक्ती वापरू नका.

चौकटी, खिडक्या, रिबमधली पोकळी कापताना क्रम पाळला तर कोपरे फाटत नाहीत. आधी चारही कोपऱ्यांत पात्याचे टोक सरळ खाली टोचून घ्या. मग ग्रेनला आडव्या बाजू कापा. शेवटी ग्रेनच्या बाजूने. उलट केले तर ग्रेनच्या दिशेने जाणारा छेद कोपऱ्यापाशी थांबत नाही. चिरा राखायच्या लाकडात पुढे धावतो. आडवे तंतू आधीच तुटलेले असले की चिरा तिथे येऊन अडतो. प्रत्येक बाजू कोपऱ्याकडून मध्याकडे कापा आणि उरलेले अर्धे दुसऱ्या कोपऱ्याकडून.

वक्र रेघेला नियम एकच, पण तो प्रत्येक तुकड्यावर नव्याने लावावा लागतो: सुरी अशा दिशेने न्या की ग्रेनच्या मागे ती गेलीच तर टाकाऊ लाकडात जावी. बाहेर फुगलेल्या कडेवर याचा अर्थ सहसा माथ्यापासून दोन्ही टोकांकडे, दोन वेगळ्या छेदांत. लहान गोलाईवर रेघेवरच कापायचा हट्ट धरू नका. बाहेरून सरळ सरळ तुकडे उडवत बहुभुज करा आणि उरलेले घासा. गोल भोकांसाठी ड्रिल बिट बाल्सा फाडते. पातळ पितळी नळीची कड आतून घासून धारदार केली आणि ती बोटांनी फिरवत दाबली की स्वच्छ भोक पडते. खाली टाकाऊ बाल्सा ठेवावा.

प्लायचे गणित वेगळे. 0.8 मिलिमीटरपर्यंतची तीन थरांची प्लाय सुरीने बऱ्यापैकी कापता येते. वरचा थर, मधला आडवा थर, खालचा थर असे तिन्ही सुरीला निरनिराळे लागतात आणि मधल्या थरात पाते हमखास दिशा बदलू पाहते. दीड मिलिमीटर ही सुरीची सीमा आहे, तेही सरळ रेघांना. त्यापुढे, आणि वक्र रेघांना त्याआधीच, सोनार वापरतात ती धनुष्याकृती बारीक पात्याची करवत घ्या. हिची पाती शून्यांनी ओळखली जातात, शून्ये जास्त तेवढे पाते बारीक. 2/0 (म्हणजे दोन शून्ये) नंबरचे पाते सुमारे 0.26 मिमी जाड असते आणि त्याला इंचाला 56 च्या आसपास दाते असतात.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. इंचाला 56 दाते म्हणजे दोन दात्यांमधले अंतर साधारण 0.45 मिमी. ही करवत शीटला काटकोनात चालते, त्यामुळे 0.8 मिलिमीटरच्या प्लायमध्ये एका वेळी दोन दातेसुद्धा धड अडकत नाहीत. दाता कडेवर आपटतो, हिसका बसतो, पाते तुटते किंवा वरच्या थराची ढलपी उडते. किमान तीन दाते लाकडात असावेत हा जुना नियम आहे. पातळ प्लायमध्ये तो पाळायचा तर जाडी वाढवायला हवी. खाली दीड मिलिमीटरचा टाकाऊ प्लायचा तुकडा दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने लावा, किंवा दोन-तीन तुकड्यांची चळत करून एकदमच कापा. खालची कड स्वच्छ येते, आणि चळत केली तर सारखे तुकडे वर मिळतात. तीन मिलिमीटरच्या प्लायला उलट 2/0 फार बारीक पडते, भुसा दात्यांत अडकतो. तिथे शून्य नसलेले, 1 किंवा 2 नंबरचे जाड पाते लावा.

पाते बसवताना दात्यांची टोके मुठीकडे हवीत, म्हणजे करवत खाली ओढताना कापते आणि लाकूड टेबलावर दाबले जाते. ताण इतका हवा की नखाने छेडल्यावर स्वच्छ, उंच सूर निघावा. टेबलाच्या कडेला पुढे आलेली, मध्ये खाच असलेली फळी पक्की करा आणि त्या खाचेत कापा. मूठ छातीच्या खालच्या उंचीला येईल असे बसा. करवत वळवू नका, लाकूड वळवा. टोकदार कोपऱ्यावर करवत जागच्या जागी खालीवर चालू ठेवून लाकूड हळूहळू फिरवायचे, पुढे ढकलायचे नाही. पात्याच्या पाठीला मधूनमधून मेण लावा.

पट्ट्या आडव्या तोडण्यासाठी बारीक दात्यांची रेझर सॉ (पातळ पात्याची सरळ करवत) आणि माइटर बॉक्स (करवत ठरावीक कोनात चालवणाऱ्या फटींची पेटी) पुरतात. माइटर बॉक्सच्या फटी सैल झाल्या की करवत त्यात डुलते आणि काटकोन जातो. असा बॉक्स टाकून द्या. ओढताना कापणारी जपानी पद्धतीची करवत मला जास्त आवडते, कारण ओढीत पाते ताणले जाते आणि त्यामुळे ते खूप पातळ ठेवता येते. सुरुवातीचे दोन-तीन ओढे वजन न देता द्या आणि तुटायच्या वेळी हात हलका करा.

आता सारखे तुकडे. इथे मोजपट्टी बाजूला ठेवा. प्रत्येक तुकडा वेगळा मोजला की प्रत्येकाची चूक वेगळी असते. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पेन्सिलीची रेघच अर्धा मिलिमीटर खाते आणि ती कोणत्या बाजूने कापली हे पुढच्या तुकड्याला आठवत नाही. आखणी सुरीच्या टोकाने करा आणि एकाच टोकापासून सगळी मापे घ्या. मागच्या खुणेपासून पुढची अशी साखळी केली आणि प्रत्येक वेळी 0.2 मिमी चूक एकाच बाजूला गेली, तर दहाव्या खुणेपाशी दोन मिलिमीटर होतात. त्याहून उत्तम म्हणजे एका लाकडी पट्टीवर सगळ्या खुणा एकदाच करून ठेवणे आणि प्रत्येक भागावर त्या पट्टीवरूनच उतरवणे. उजवी बाजू, डावी बाजू, वरचा आणि खालचा स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारी पट्टी), सगळ्यांना तीच पट्टी. तिच्यात चूक असली तरी ती सगळीकडे सारखी येते, आणि मॉडेल सरळ बसते.

सारख्या लांबीच्या पट्ट्यांसाठी स्टॉपर लावा. माइटर बॉक्समध्ये हवे त्या अंतरावर एक ठोकळा चिकटवा, पट्टी त्याला टेकवा, कापा. टेकवण्याआधी प्रत्येक वेळी भुसा झटका. स्टॉपरपाशी अडकलेला भुशाचा एक कण सगळी लांबी बिघडवतो, म्हणून ठोकळ्याची खालची कड थोडी तासून ठेवावी, कण तिथे जातात.

रिबसारख्या आकारांसाठी चळत सर्वात खात्रीची. दीड ते तीन मिलिमीटरच्या प्लायचे दोन साचे अगदी मन लावून बनवा. यावर घालवलेला वेळ वाया जात नाही. बाल्साच्या चौकोनी चिपा थोड्या मोठ्या कापून दोन साच्यांमध्ये रचा, दोन बोल्ट आरपार घालून आवळा आणि मग संपूर्ण गठ्ठा आधी सुरीने ढोबळ, नंतर ठोकळ्याने साच्यापर्यंत घासा. स्पारची खाचही गठ्ठ्यातच पाडा, म्हणजे सगळ्या रिबमध्ये ती एका ओळीत येते. निमुळत्या पंखासाठी मुळाचा साचा मोठा आणि टोकाचा लहान ठेवला तर मधल्या रिब क्रमाने लहान होत जातात. मात्र त्यांच्या कडा तिरक्या येतात, त्या जुळणीनंतर सरळ कराव्या लागतात, आणि दोन साच्यांच्या आकारात फार फरक असेल तर ही पद्धत नको.

मापाला आणण्याचे काम ठोकळ्याचे. बोटाखाली पॉलिश पेपर धरून घासले की कड गोल होते, अचूकता तिथेच संपते. ॲल्युमिनियमचा सरळ चौकोनी पाइप घ्या, एका बाजूला 180 आणि दुसऱ्या बाजूला 320 नंबरचा पेपर सपाट चिकटवा. सपाट टेबलावर दहा मिलिमीटर जाडीची फळी ठेवा, तिच्यावर तुकडा ठेवून कड किंचित बाहेर काढा आणि पाइप टेबलावर आडवा टेकवून कडेला समांतर चालवा. कड आपोआप गुण्यात येते. फळीवर एक पट्टी काटकोनात चिकटवली की तुकड्याचे टोकही काटकोनात घासता येते. कापताना रेघेबाहेर 0.3 ते 0.5 मिमी ठेवा. त्याहून जास्त ठेवले तर घासत बसावे लागते, कमी ठेवले तर सुरीची एखादी डुलकी मापाच्या आत घुसते. बाल्साच्या ग्रेनच्या टोकाला दोन्हीकडे घासू नका, कडेकडून आत एकाच दिशेने घासा, नाहीतर शेवटची कड तुटते. बाल्साची धूळ फार बारीक असते. मास्क लावा आणि धूळ फुंकू नका.

खाचांची फिट ही मॉडेलची खरी परीक्षा. खाच मापापेक्षा थोडी अरुंद कापा. मग स्पारपेक्षा पातळ, म्हणजे तीन मिलिमीटरच्या स्पारला सुमारे अडीच मिलिमीटर जाडीच्या कडक पट्टीला दोन्ही बाजूंनी बारीक पेपर चिकटवून तिने खाच रुंद करा. पेपरची जाडी ब्रँडनुसार बदलते, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर बघा. खाच मोजून तपासू नका, प्रत्यक्ष स्पार घालून तपासा. बोटाने ढकलल्यावर आत जाईल आणि उलटे धरल्यावर पडणार नाही, इतकी घट्ट. ठोकून बसवावी लागली तर बाल्सा फाकतो आणि रिबची खालची कड फुगते.

कागदी नकाशा चिकटवून कापत असाल तर आधी छापील नकाशावरची 100 मिलिमीटरची पट्टी लांबीत आणि रुंदीत, दोन्हीकडे मोजा. प्रिंटर कागद ओढतो त्या दिशेला माप कधी कधी थोडे वेगळे येते. पाण्याचा डिंक कागद फुगवतो आणि माप तिथेच जाते. रबर सोल्युशनचा पातळ हात कागदाला द्या, सुकत आला की चिकटवा; काम झाल्यावर कागद सोलून निघतो आणि उरलेले रबर बोटाने चोळून काढता येते. कागद वर असल्याने ढलपीही कमी निघते. ग्रेनची दिशा नकाशावर बाणाने दाखवलेली नसेल तर स्वतः बाण काढा. ग्रेन भागाच्या लांबीच्या दिशेने ठेवायचा आणि अरुंद मानेतून तो आडवा जाणार नाही हे बघायचे. बऱ्याच नकाशांत जागा वाचवण्यासाठी भाग कसेही फिरवून मांडलेले असतात.

खाली कटिंग मॅट चालते, पण ती मऊ असल्याने पाते तिच्यात थोडे बुडते आणि खालच्या कडेचे तंतू आधाराशिवाय राहतात. वेनियर आणि अगदी पातळ प्लायसाठी मी एमडीएफचा (दाबलेल्या लाकूड-तंतूंच्या फळीचा) नवा तुकडा वापरतो आणि जुन्या छेदांनी भरला की फेकतो. जुना छेद पात्याला रेल्वेच्या रुळासारखा ओढून नेतो. कापताना दुसरा हात पात्याच्या वाटेत कधीही नको, पट्टी धरलेल्या बोटांची टोकेसुद्धा. सर्जिकल पाते वाकवले तर तडकून उडते, म्हणून डोळ्यांना चष्मा हवा. वापरलेली पाती झाकणाच्या डब्यात टाका.

आता हत्यारे. सगळे एकदम घ्यायची गरज नाही. पहिली खरेदी जाड स्टीलची पट्टी, छोटा धातूचा गुण्या, तीन नंबरची स्काल्पेल (सर्जिकल सुरीची) मूठ आणि अकरा नंबरच्या पात्यांचा मोठा खोका. पाती मोजकी असली की माणूस ती वाचवतो आणि बोथट पात्याने काम करतो. ॲल्युमिनियमचा पाइप आणि पॉलिश पेपर याच यादीत आले पाहिजेत, ते सुरीइतकेच महत्त्वाचे. दीड मिलिमीटरच्या पुढची प्लाय तुमच्या कामात आहे, म्हणून दुसरी खरेदी बारीक पात्याची धनुष्याकृती करवत. पट्ट्या खूप लागत असतील तर रेझर सॉ आणि माइटर बॉक्स, नाहीतर थांबा. बाल्साच्या शीटमधून एकसारख्या पट्ट्या काढायला अंतर ठरवता येणारा स्ट्रिपर मिळतो. तो घेतलात तर पाते जेमतेम शीटच्या जाडीइतके बाहेर काढा आणि शीटची कड आधी ठोकळ्याने सरळ करून घ्या, कारण स्ट्रिपर कडेच्या आधाराने चालतो आणि कडेतला प्रत्येक बाक पुढच्या सगळ्या पट्ट्यांत उतरतो. प्रत्येक पट्टीनंतर कड पुन्हा एकदा घासा.